घरामागे फ्रेमचा पूल लावायचाय, जागा उतरती आहे. खालच्या बाजूला वाळू भरली तर चालेल का?

खटपट्या
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. घरामागच्या मोकळ्या जागेसाठी जमिनीवर उभा राहणारा पूल घेतलाय, स्टीलच्या पाईपांची फ्रेम आणि आत जाड पीव्हीसीचं लायनर असतं ना तसला, गोल, १५ फूट व्यासाचा आणि ४८ इंच उंच. खोकं आणून आठवडा झाला पण अजून फोडलेलं नाही कारण जागा बघितल्यावर धीरच होत नाहीये. लांबून सपाट वाटते पण चेंडू ठेवला की कुंपणाकडे आपोआप घरंगळत जातो, माझ्या अंदाजाने या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार इंचांचा उतार असेल. वर गवत आहे, मधे मधे लव्हाळा पण उगवतो. माझा विचार असा की खालच्या बाजूला वाळू भरून घेतो, वरून ताडपत्री अंथरतो आणि लावून टाकतो, शनिवार-रविवारात काम होऊन जाईल. धाकटा भाऊ म्हणतोय एवढं खणत बसण्यापेक्षा गच्चीवर लाव, तिथे आयती सपाट फरशी आहे.

दुसरं म्हणजे पाणी. गेल्या उन्हाळ्यात मुलांसाठी हवा भरायचा छोटा पूल आणला होता, पाचव्या दिवशी पाणी हिरवं आणि तळाला बुळबुळीत शेवाळ, सगळं ओतून दिलं, परत भरलं, परत तेच. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, इतकं पाणी वाया गेलं. आता १५ फुटी पूलचं तसं झालं तर ओतून द्यायची सोयच नाही. यासोबत कार्ट्रिजचा छोटा फिल्टर पंप आलाय आणि एक तरंगता डबा, त्यात क्लोरीनच्या गोळ्या घालायच्या म्हणे. एवढ्यावर भागेल का? मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. ज्यांनी स्वतः लावलाय त्यांनी सविस्तर सांगा, कितीही मोठं लिहिलंत तरी वाचेन.

माती_मुरूम
दादा, खोकं फोडलं नाहीत ते फार बरं केलंत. गच्चीचं आधी सांगतो कारण तो विषय तिथेच संपवायला हवा. नको म्हणजे नकोच. तुमच्या पूलमध्ये पाणी साधारण साडेतीन फूट उभं राहणार, म्हणजे जवळपास १७,००० लिटर, म्हणजे १७ टन. एक मीटर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १,००० किलो, आणि घराची गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलोचा वापर धरून बांधलेली असते. फरशी सपाट आहे हे खरं पण खाली स्लॅब आहे आणि स्लॅबखाली माणसं राहतात. भावाला हे आकडे दाखवा, लगेच पटेल.

आता उताराचं. पाणी काही उतारानं तिरकं उभं राहत नाही, ते वरून सपाटच राहणार, मग खालच्या बाजूला भिंतीलगत पाणी जास्त खोल होतं आणि सगळा रेटा तिकडे जातो. हा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. साडेतीन फूट पाण्याचा भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेपाचशे किलोच्या वर जोर असतो, तिथे चार इंच खोली वाढली की तो सरळ वीस टक्क्यांनी वाढतो. वरून पाय तिरके झालेले असतात, म्हणजे फ्रेम तो जोर सरळ जमिनीत सोडत नाही, बाहेर ढकलली जाते. पूर्ण पूलमध्ये मिळून एक इंचापेक्षा जास्त फरक राहू द्यायचा नाही, मी तर अर्ध्या इंचापर्यंत आणतो.

वाळू भरायचा जो विचार तुम्ही केलाय तोच मी पहिल्या वर्षी केला होता. खालच्या अंगाला पाच इंच वाळू टाकली, चांगली चोपली, वरून ताडपत्री, सगळं व्यवस्थित दिसत होतं. नवव्या दिवशी रात्रभर पाऊस झाला, वाळू कडेने धुपत गेली, दोन पाय आत रुतले आणि पहाटे कधीतरी ती बाजू बसली. आवाजाने उठून बाहेर आलो तोवर पूल रिकामा झाला होता. कुंपणाचे दोन खांब आडवे, भाजीचे वाफे वाहून गेलेले. पाण्यात तेव्हा कोणी नव्हतं, पण आदल्या संध्याकाळी माझी भाची नेमकी त्याच बाजूला टेकून उभी होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हे इतकं कळकळीने लिहितोय.

नियम एकच, वरची बाजू खणून खालच्या बाजूच्या लेव्हलला आणायची. खालची बाजू भरून वर आणायची नाही. न हललेली माती वर्षानुवर्षं बसलेली असते, ती १७ टन पेलते, भराव पेलत नाही, निदान धुम्मस मारून थराथराने दाबल्याशिवाय तरी नाही आणि ते घरच्या घरी नीट होत नाही.

कसं करायचं ते सांगतो. मधोमध एक खुंटी ठोका, तिला साडेआठ फूट दोरी बांधा आणि चुन्याने गोल आखा, म्हणजे पूलच्या बाहेर चहूकडे एक फूट जास्तीची जागा मिळते. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, आतली हवा पूर्ण काढा, एक टोक खुंटीजवळ आणि दुसरं टोक गोलावर आठ-दहा ठिकाणी धरून खुणा करा. डोळ्यावर आणि चेंडूवर विश्वास ठेवू नका. गवत मुळासकट काढा. फक्त कापून त्यावर ताडपत्री टाकली तर ते खाली कुजतं, वास येतो, आणि कुजून बसलं की तेवढी जागा खचते. लव्हाळ्याचं तर विशेष बघा, त्याचा कोंब सुईसारखा असतो आणि लायनर खालून भोसकून वर येतो, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. जमिनीतल्या गाठी शोधून शोधून काढाव्या लागतात, वरवर उपटून काही होत नाही. मग टिकाव, फावडं, घमेलं. शेवटी एक सरळ आठ फुटी फळी खुंटीभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरवायची, वर पाणसळ ठेवून, जिथे उंचवटा लागेल तिथे खरवडायचं. खडे वेचा, पाणी शिंपडा, धुम्मस मारा, दोन दिवस तसंच ठेवा आणि परत तपासा.

प्रत्येक पायाखाली फरशीचा किंवा पेव्हरचा तुकडा हवा, साधारण एक फूट बाय एक फूट. तो जमिनीवर नुसता ठेवायचा नाही, जमिनीत बसवायचा, वरचा पृष्ठभाग जमिनीच्या बरोबर. आणि सगळे तुकडे एकमेकांशी लेव्हलमध्ये. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि इथेच माणूस कंटाळून घाई करतो.

रेतीवाला_दोस्त
मी माती_मुरूम यांच्याशी पूर्ण सहमत नाही. माझ्याकडे सहा वर्षं झाली, खाली वाळूच आहे, दर वर्षी पूल उघडताना नवी थोडी टाकतो, काही झालेलं नाही. पायाला मऊ लागते, मुलांचे गुडघे सोलवटत नाहीत, छोटे खडे राहिले तरी लायनर वाचतं. वाळू म्हणजे धोका असं लिहिलं तर लोक उगाच घाबरतील.

माती_मुरूम
तुमची वाळू किती जाड आहे आणि पाय कशावर उभे आहेत?

रेतीवाला_दोस्त
दोन इंच असेल, पायांखाली ब्लॉक आहेत, जमिनीतच बसवलेत. आणि बाहेरून विटांची एक कड केलीये वाळू बाहेर येऊ नये म्हणून. जमीन आधीच सपाट करून घेतली होती ते लिहायचं राहिलं.

माती_मुरूम
मग आपण एकच गोष्ट बोलतोय. सपाट केलेल्या जमिनीवर दोन इंच वाळू ही गादी झाली, तिला कोणाचा विरोध नाही, पत्र्याच्या भिंतीचे पूल असतात त्यांच्यात तर आतल्या कडेला वाळूचा तिरका उतार मुद्दाम देतात, लायनर भिंतीखालून बाहेर सरकू नये म्हणून. पण खड्डा भरून काढायला वाळू वापरायची नाही आणि पायाखाली तर अजिबात नाही. वाळू नको असेल तर फोमच्या जाड शीट टाकता येतात, मी आता जाड जिओटेक्स्टाईल (जमिनीवर अंथरायचं चिवट कापड) आणि त्यावर फोम वापरतो, त्याला धुपायची भीती नाही.

निळंशार
जमिनीचं वर सगळं आलंय, मी पाण्याचं लिहिते. गेली आठ वर्षं आमचा पूल मीच सांभाळते आणि सुरुवातीला माझंही पाणी दोनदा हिरवं झालं होतं, त्यामुळे तुमचं दुःख कळतं.

तुमच्या छोट्या पूलमध्ये काय झालं असेल तर क्लोरीन एकतर नव्हतंच किंवा दुपारपर्यंत संपत होतं. उघड्या उन्हात साध्या क्लोरीनचं साधारण पाऊण तासात अर्धं उडून जातं. सकाळी टाकलेलं जेवायच्या वेळेला शिल्लक नसतं. ते टिकावं म्हणून पाण्यात सायन्युरिक ॲसिड असावं लागतं, बाजारात स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणून मिळतं. ३० ते ५० पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात इतके भाग) पुरे. तुमच्या १७,००० लिटरला ३० पीपीएम म्हणजे साधारण पाचशे ग्रॅम, जुन्या मोज्यात भरून पंपाचं पाणी जिथून परत येतं तिथे टांगायचं, तीन-चार दिवसांत विरघळतं. सरळ पाण्यात ओतू नका, तळाला दाणे बसून राहतात.

आता पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क त्याचं माप. ७.२ ते ७.८ च्या मधे ठेवायचा, मी ७.४-७.५ ला धरून असते. हे डोळ्यांना झोंबू नये म्हणून तर आहेच पण खरी गोष्ट वेगळी आहे. क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो तो पीएच वाढला की कमी होतो. साध्या पाण्यात ७.५ ला जेमतेम अर्धा असतो, ८ ला चौथा हिस्सा. म्हणजे तुम्ही तेवढंच क्लोरीन टाकताय पण काम निम्मं होतंय. स्टॅबिलायझर घातल्यावर हे गणित थोडं सौम्य होतं, तरी पीएच मोकाट सोडून चालत नाही. आणि पीएच दर दिवशी उड्या मारत असेल तर अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) बघा, ८० ते १२० पीपीएम असावी. कमी असेल तर साधा खायचा सोडा घालायचा, तुमच्या पूलमध्ये तीनशे ग्रॅमला साधारण १० पीपीएम वाढते.

क्लोरीन रोज तपासायचं, उन्हाळ्यात संध्याकाळी. स्टॅबिलायझर घातलेल्या पाण्यात कधीच २ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, मी ३-४ ठेवते. हिशेब सोपा आहे, १०,००० लिटरला १ पीपीएम वाढवायला १० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं लिक्विड असेल तर १०० मिली. तुमच्यासाठी १७० मिली. कडक उन्हात दिवसाला दोन-तीन पीपीएम जातं, म्हणजे रोज रात्री साधारण अर्धा लिटर. लिक्विड जुनं झालं की त्याचा जोर कमी होतो, उन्हात ठेवलेला कॅन तर फारच लवकर, म्हणून सावलीत ठेवा आणि एकदम दोन महिन्यांचं आणून ठेवू नका. दाणेदार क्लोरीन असतं ते ६५ टक्क्यांच्या आसपास, त्याचे २६ ग्रॅम पुरतात, पण ते आधी बादलीत विरघळवून मगच ओतायचं नाहीतर लायनरवर पांढरे डाग पडतात ते कायमचे. तेही बादलीत आधी पाणी आणि मग पावडर, उलटं कधीच नाही.

टेस्ट पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. एक फसवी गोष्ट सांगून ठेवते, गुलाबी रंगाची जी टेस्ट असते तिच्यात रंग येऊन क्षणात उडून गेला तर क्लोरीन नाही असं समजू नका, भरमसाट झालं की तो रंगच ब्लीच होतो. माझ्या बहिणीने असंच शून्य समजून अजून एक लिटर ओतलं होतं.

पाईप_फिटर
पंपाचं मी लिहितो, थोडक्यात. सोबत येणारा कार्ट्रिज पंप समजा ताशी ४,००० लिटर लिहिलेला असेल तर सगळं पाणी एकदा फिरायला कागदावर सव्वाचार तास, प्रत्यक्षात कार्ट्रिज मळलं की त्याहून बरेच जास्त. दिवसाला दोन फेरे व्हायला हवेत म्हणजे ८-१० तास चालवा. गरमीत मुलं रोज उतरत असतील तर कार्ट्रिज दर दोन दिवसांनी पाईपच्या धारेने धुवायचं, घड्या उघडून उघडून. दोन कार्ट्रिज ठेवा, एक आत एक वाळत. केस आणि सनस्क्रीन याने ते चोंदतं, वाळल्यावर चिकट वाटलं तर डिटर्जंटच्या पाण्यात रात्रभर बुडवा. पुढे मागे सॅन्ड फिल्टर घेतलात तर मेहनत खूप वाचते, त्यात ०.४५ ते ०.५५ मिमीची खास सिलिका वाळू लागते, बांधकामाची वाळू घालू नका. स्वच्छ असताना प्रेशर किती आहे ते खडूने लिहून ठेवा आणि त्यापेक्षा ८-१० पीएसआय वाढलं की बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणं), रोज रोज नाही, थोडी मळलेली वाळू उलट बारीक कचरा जास्त पकडते.

करंटचं मात्र नीट ऐका. पंपाला ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग असल्याशिवाय चालू करायचा नाही. एक्स्टेन्शन बोर्ड ओढून गवतावर टाकून ठेवायचा नाही, प्लग पूलपासून लांब आणि पावसापासून झाकलेला. या छोट्या पंपांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की पाण्यात कोणी असताना पंप बंद करून प्लग काढून ठेवा, ते वाचून सोडून द्यायचं वाक्य नाहीये. मी रात्री चालवतो, दिवसा पोरांसाठी मोकळा.

दोन_पिल्लांची_आई
मला खरंतर लिहायचं नव्हतं पण मुलांचं वय वाचलं आणि राहवलं नाही. शिडी. पोहून झालं की शिडी काढून घरात आणायची, रोज, कंटाळा आला तरी, पाच मिनिटांनी परत उतरायचं असलं तरी. ४८ इंचांची भिंत सहा वर्षांच्या मुलाला चढता येत नाही असं आपल्याला वाटतं पण बाजूला पंप असतो, खुर्ची असते, मातीचा ढिगारा असतो, ते काहीतरी शोधतातच. शेजारच्या घरातलं तीन वर्षांचं बाळही धरा हिशेबात. चहूकडून किमान चार फुटांचं कुंपण आणि आपोआप लागणारं फाटक असेल तर फारच चांगलं. खेळणी पाण्यात तरंगत सोडू नका, ती घ्यायलाच मुलं वाकतात.

आणि बुडणारं मूल ओरडत नाही हो. सिनेमात दाखवतात तसं हात हलवून हाका मारत नाही, तोंड पाण्याच्या वर यायलाच धडपडत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर ओरडणार कसं. घरातल्या घरात भांड्यांचा आवाज चालू असला तर कळणारही नाही. म्हणून एक मोठं माणूस, फोन हातात न घेता, फक्त बघायला. आम्ही पंधरा पंधरा मिनिटांची पाळी लावतो आणि जिची पाळी तिच्या गळ्यात शिट्टी, म्हणजे मला वाटलं तू बघतेयस असं होत नाही. सूर मारायला पहिल्या दिवसापासून बंदी, साडेतीन फूट पाण्यात डोकं तळाला लागतं आणि मान जाते. कोणाचं पोट बिघडलं असेल तर पूर्ण बरं होईपर्यंत पाण्यात नाही, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्येही आठवडाभरापेक्षा जास्त तग धरतो.

खटपट्या
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं कोणी आपुलकीने लिहील असं वाटलं नव्हतं. भावाला आकडे दाखवले, तो गप्प बसला आणि टिकाव घेऊन स्वतःच आला.

नळी लावून मोजलं. तीन-चार इंच म्हणत होतो ना, साडेसात इंच निघाला! डोळा इतका फसवतो हे माहीत नव्हतं. पाच दिवस रोज संध्याकाळी खणत होतो, जवळपास दोन घनमीटर माती निघाली, घमेली मोजायची सोडून दिली. लव्हाळ्याच्या गाठी मुलांनी वेचल्या, त्यांनी बादली भरली. आता टोकाटोकाला फरक पाव इंचाच्या आत आहे. फरशीचे तुकडे उद्या बसवतोय.

आता अजून दोन शंका. पाणी बोअरचं आहे, नळाचं एवढं मिळणार नाही, त्याने काही होईल का? आणि निळंशारताई, तुम्ही गोळ्यांचं काहीच लिहिलं नाहीत, तो तरंगता डबा वापरायचाच नाही का? रोज अर्धा लिटर ओतण्यापेक्षा गोळ्या सोप्या वाटतात.

निळंशार
आधी बोअर. पाण्यात लोह असेल तर बादलीतलं पाणी स्वच्छ दिसतं पण क्लोरीन पडल्याबरोबर लोहाचा गंज होऊन पाणी चहासारखं तांबूस होतं, मँगनीज असेल तर काळपट. पूल भरायच्या आधी पांढऱ्या बादलीत पाणी घ्या, चार थेंब क्लोरीन टाका, तासभर थांबा. रंग बदलला तर तपासणी करून घ्या किंवा टँकर मागवा. थोडासाच बदलला तर भरताना पाईपच्या तोंडाला जाड कापूस किंवा पॉलिस्टरचा गोळा बांधा आणि भरल्यावर फिल्टर सलग चालवून दर काही तासांनी कार्ट्रिज धुवा, लोह त्यात अडकतं. शेवाळ मारायचं तांब्याचं औषध बोअरच्या पाण्यात तर अजिबात टाकू नका, धातूत अजून एक धातू, लायनरवर डाग आणि सोनेरी केस असतील तर केसही हिरवट होतात.

गोळ्यांचं मुद्दाम वेगळं लिहायचं ठरवलं होतं. त्या गोळीत क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिडही असतं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक पाण्यात जातं. क्लोरीन वापरून संपतं पण हे तसं संपत नाही, उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, साठत जातं. २०० ग्रॅमच्या दोन गोळ्या आठवड्याला धरल्या तर तुमच्या पूलमध्ये आठवड्याला १२-१३ पीपीएम, दोन महिन्यांत शंभर. मग काय होतं तर टेस्टमध्ये क्लोरीन ३ दाखवतं आणि पाणी तरी हिरवं होतं, कारण सायन्युरिक इतकं झालंय की क्लोरीन बांधलं जातं, हळू काम करतं. माझं दुसऱ्यांदा हिरवं झालं ते यामुळेच आणि तेव्हा मला दोष क्लोरीनच्या कंपनीचा वाटत होता. यावर पाणी बदलण्याशिवाय घरगुती इलाज नाही. म्हणून गोळ्या गावाला जाताना, आठ दिवस घरी कोणी नसताना. एरवी लिक्विड. गोळ्या खूप आम्लयुक्त पण असतात, डबा एका जागी लायनरला चिकटून राहिला तर तिथे रंग उडतो.

आणि हे सगळ्यांनी वाचा. गोळ्या आणि दाणेदार क्लोरीन एका डब्यात, एका चमच्याने, एका बादलीत कधीही एकत्र करू नका, आग लागते, स्फोटही होतो. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी वायू. वेगवेगळ्या कपाटात, मुलांच्या हातापासून लांब.

पाईप_फिटर
ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं पूर्ण अनुमोदन. एका गिऱ्हाईकाकडे एकच चमचा दोन्हीत वापरत होते, डबा हाताला गरम लागला म्हणून वेळीच लक्षात आलं.

माती_मुरूम
भरताना आधी फक्त एक इंच पाणी घ्या आणि थांबा. अनवाणी आत उतरून मधून कडेकडे पायाने सुरकुत्या ढकलत न्या, एकदा पाणी चढलं की त्या हलत नाहीत आणि सुरकुतीत शेवाळ बसतं. मग एक फूट झाल्यावर प्रत्येक पायाला ओळंबा लावून बघा आणि पाण्यापासून वरच्या पाईपपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजा. फरक एक इंचाच्या वर असेल तर तिथेच थांबून पाणी सोडा, जीव होत नाही सोडायला, मला माहितीये, पण तेव्हा पाच टनच असतं, नंतर १७.

खटपट्या
तीन आठवड्यांनी लिहितोय. पूल उभा आहे! चारही बाजूंना मोजलं, जास्तीत जास्त फरक दीड सेंटीमीटर. बादलीतली टेस्ट केली, किंचित पिवळसर झालं, म्हणून कापसाचा गोळा बांधून भरलं, दोन दिवस कार्ट्रिज विटकरी निघत होतं मग स्वच्छ झालं. शिडी रोज रात्री घरात येते, धाकटीनेच ते काम अंगावर घेतलंय.

मधे एकदा घाबरलो होतो. लग्नाला गेलो होतो दोन दिवस, गोळ्या घालायला विसरलो, परत आलो तर पाणी धूसर आणि भिंतीला हात लावला तर बुळबुळीत. हिरवं व्हायच्या आधीच सापडलं. ताईंना विचारून क्लोरीन १२ पर्यंत नेलं, स्टॅबिलायझर ३० आहे म्हणून १२, साधारण दोन लिटर लिक्विड लागलं, आणि ते तिथेच धरून ठेवलं, दिवसातून तीनदा तपासून जेवढं कमी झालं तेवढं परत. सगळ्या भिंती आणि सुरकुत्या ब्रशने घासल्या, पंप दिवसरात्र, मुलांना पाण्यात बंदी. तिसऱ्या दिवशी तळाला टाकलेलं नाणं दिसायला लागलं. रात्री मोजलं आणि सूर्य उगवायच्या आत परत मोजलं, एक पीपीएमपेक्षा कमी उतरलं होतं, म्हणजे पाण्यात क्लोरीन खाणारं शेवाळ वगैरे काही उरलं नाही. मग ४ पर्यंत खाली येऊ दिलं आणि मुलं उतरली. एक थेंब पाणी ओतून द्यावं लागलं नाही, याचा मला किती आनंद झाला सांगू शकत नाही.

आता एकच, रोज पाणी साधारण एक सेंटीमीटर कमी होतंय. गळतंय का उडतंय कसं ओळखू?

पाईप_फिटर
बादली शिडीच्या पायरीवर पूलच्या पाण्यात ठेवा, आत पूलचंच पाणी, बाहेरच्या पाण्याच्या बरोबरीने. आत आणि बाहेर दोन्हीकडे टेपने खूण करा, पंप बंद, २४ तास कोणी उतरायचं नाही, त्या एका दिवसापुरती शिडी तिथेच राहील तेव्हा लक्ष ठेवा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन आणि वारा. बाहेर जास्त उतरलं तर गळती, आधी पंपाच्या पाईपांचे जोड आणि निचऱ्याचं बूच बघा, लायनर शेवटी. लायनरला भोक निघालं तर पाण्याखाली चिकटणारं पॅच मिळतं, त्याचे कोपरे गोल कापून मग लावा, चौकोनी पॅचचे कोपरे उचलतात.

खटपट्या
केलं. बादलीत ९ मिलिमीटर, बाहेर ९ मिलिमीटर. उडतंय! शिडी आत आणली.